मोबाईल की किंडल? आधी फाइल बघा

‘मोबाईलवर वाचून डोळे जातील, त्यापेक्षा किंडल घे’ हा सल्ला हल्ली मराठी घरांत वडीलधारी मंडळीही देतात. देणाऱ्याने बहुधा किंडल हातात धरलेलं नसतं आणि घेणाऱ्याच्या खिशात मोबाईल आधीपासून असतोच. म्हणजे खरा प्रश्न असा: जे काम हातातल्या यंत्रावर फुकटात होतंय, त्यासाठी आणखी एक यंत्र विकत घ्यावं का? २०२५च्या एप्रिलमध्ये नवं किंडल पेपरव्हाइट भारतात आलं ते १६,९९९ रुपयांना. एवढ्या पैशांत तीन-चारशे रुपयांच्या कितीतरी मराठी कादंबऱ्या घरात येतात, शिवाय त्यांना चार्जर लागत नाही. तेव्हा प्रश्न जरा खोलात जाऊन तपासण्यासारखा आहे. (किंडल हे अ‍ॅमेझॉनच्या यंत्राचं नाव. पण आपल्याकडे ते डालडा, झेरॉक्ससारखं सगळ्या ई-रीडरांच्या जातीचंच नाव झालंय, म्हणून मीही अधूनमधून तसंच वापरणार आहे.)

सुरुवात डोळ्यांपासून करू, कारण विक्रीची सुरुवातही तिथूनच होते. ई-रीडरचा पडदा मोबाईलच्या पडद्यापेक्षा मुळातच वेगळा असतो. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमधल्या मंडळींनी १९९७ साली ई-इंक नावाची कंपनी काढली, तिचं हे तंत्र. पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या असंख्य सूक्ष्म कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पांढरे आणि काळे कण, परस्परविरुद्ध विद्युतभाराचे. खालून विजेचा झटका दिला की हवे ते कण वर येतात आणि अक्षर उमटतं. एकदा उमटलेलं अक्षर टिकवायला वीज लागत नाही, पान उलटायलाच काय ती लागते. म्हणून बॅटरी आठवडे-आठवडे पुरते. हा पडदा स्वतः उजेड फेकत नाही, कागदासारखा बाहेरचा उजेड परतवतो. एप्रिलच्या भर दुपारी एसटीच्या खिडकीशी बसलात तर मोबाईलवर तुमचाच चेहरा दिसतो. ई-रीडरवर मात्र अक्षर उलट जास्तच ठसठशीत होतं. सोनीने २००४ साली जपानमध्ये असं पहिलं यंत्र विकायला काढलं. १९ नोव्हेंबर २००७ला अ‍ॅमेझॉनने किंडल आणलं, किंमत ३९९ डॉलर, आणि पहिला साठा साडेपाच तासांत संपला.

एवढं कळल्यावर ‘डोळ्यांना चांगलं’ हे गृहीतच धरावंसं वाटतं. पुरावा मात्र तेवढा ठाम नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोबाईल-टॅबलेटसारखा एलसीडी पडदा आणि ई-इंक यांच्यात डोळ्यांच्या शिणवट्याचा म्हणावा असा फरक सापडला नाही. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका अभ्यासात किंडल पेपरव्हाइट आणि किंडल फायर हा टॅबलेट यांची तुलना झाली, तिच्यात एलसीडीवर शिणवटा जास्त दिसला. दोन्ही अभ्यास लहान होते. पडद्याकडे टक लावून बघताना आपण पापण्या कमी मिटतो, मोबाईल पुस्तकापेक्षा डोळ्यांच्या जवळ धरतो आणि अक्षर बारीक ठेवतो. डोळे चुरचुरण्याची बरीचशी कारणं या तीन गोष्टींतच आहेत आणि ती यंत्र न बदलताही कमी करता येतात. निळ्या उजेडाने डोळे कायमचे बिघडतात हे तर चष्म्यांच्या दुकानांनी फुगवलेलं प्रकरण. अमेरिकेतली नेत्रतज्ज्ञांची अकादमी निळा उजेड अडवणाऱ्या चष्म्यांची शिफारस करत नाही.

झोपेची गोष्ट थोडी वेगळी. २०१४च्या अखेरीस बोस्टनच्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला आणि आजही जो तो त्याचाच हवाला देतो. बारा जणांना ओळीने पाच रात्री, झोपण्याआधी चार तास उजळ पडद्यावर वाचायला लावलं, आणि आणखी पाच रात्री कागदावरचं पुस्तक दिलं. पडद्यावर वाचलेल्या रात्री झोप लागायला सरासरी दहा मिनिटं जास्त लागली आणि झोप आणणारं मेलाटोनिन निम्म्याहून खाली गेलं. बातम्यांत हे ‘ई-रीडरमुळे झोप उडते’ असं छापून आलं. पण वापरलेलं यंत्र होतं आयपॅड, तेही पूर्ण उजेडावर. साधा ई-इंकचा पडदा त्यात नव्हताच. शिवाय रोज चार तास वाचायला कोणाला मिळतात? ज्याला मिळतात त्याला दहा मिनिटं झोप उशिरा लागली तरी चालेल, असं माझं मत.

म्हणजे डोळ्यांचा मुद्दा अगदीच खोटा नाही, पण त्याच्या जोरावर सतरा हजार खर्च करावेत इतका तो भक्कमही नाही.

वाचलेलं डोक्यात किती शिरतं, या बाबतीत अभ्यास बरेच झालेत. सगळ्यात मोठा आढावा २०१८चा: चोपन्न अभ्यास, एक लाख सत्तर हजारांहून जास्त वाचक. निष्कर्ष असा, की माहितीपर मजकूर कागदावर जास्त चांगला समजतो, आणि वेळेचं बंधन असेल तर हा फरक वाढतो. गोष्ट, कथा, कादंबरी यांच्या बाबतीत मात्र कागद आणि पडदा यांच्यात फरक आढळला नाही. बहुतेक चर्चांत यातलं पहिलं वाक्य उचलतात आणि दुसरं सोडून देतात. खरं तर मोबाईलवर किंवा ई-रीडरवर वाचणारी बहुसंख्य मंडळी कादंबऱ्याच वाचत असतात.

दुसरा एक अभ्यास थेट किंडलवरचा आहे. पन्नास जणांना अठ्ठावीस पानांची एक रहस्यकथा दिली, निम्म्यांना कागदावर, निम्म्यांना किंडलवर. कथा समजली का, आवडली का, यात दोन्ही गट जवळजवळ सारखे. पण कोणती घटना आधी घडली आणि कोणती नंतर, हे विचारल्यावर किंडलवाले मागे पडले. संशोधकांचा कयास असा, की छापील पुस्तकात डाव्या हातातली पानं वाढत जातात आणि उजव्यातली कमी होतात, त्या जाडीवरून आपण नकळत गोष्टीतली जागा लक्षात ठेवतो. किंडलच्या तळाशी ‘६२ टक्के’ असा आकडा दिसतो खरा, पण हाताला काहीच कळत नाही. मोठ्या कादंबऱ्यांत कोण कोणाचा मामा हे विसरायला होतं ते बहुधा याचमुळे, आणि मोबाईलवर तर जास्तच.

मोबाईलबद्दलचा मजेशीर अभ्यास जपानमधला आहे, २०२२चा. चौतीस विद्यार्थ्यांना हारुकी मुराकामीच्या कादंबऱ्यांतले उतारे कागदावर आणि मोबाईलवर वाचायला दिले, आणि वाचताना त्यांचा श्वास व मेंदूतली हालचाल मोजली. कागदावर वाचताना मंडळी मधूनमधून खोल सुस्कारे टाकत होती. मोबाईलवर सुस्कारे कमी झाले, मेंदूच्या पुढच्या भागातली धावपळ वाढली आणि उताऱ्यावरच्या प्रश्नांना गुणही कमी पडले. चौतीस जणांवरून जगाचा नियम काढू नये. तरी मोबाईल हातात असताना माणूस जरा ताठरून बसतो, हे घरातल्या कोणाकडेही बघून पटण्यासारखं आहे.

आणि इथे मला ई-रीडरची खरी किंमत दिसते. त्याला दुसरं काही धड येत नाही, हाच त्याचा गुण. किंडलमध्ये ब्राउझर आहे, पण तो इतका रडका आहे की चार वेळा उघडल्यावर पाचव्यांदा कोणी त्याच्या वाटेला जात नाही. व्हॉट्सअ‍ॅप नाही, क्रिकेटचा स्कोअर नाही, सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरवरून पेटलेलं भांडण नाही. मोबाईलवर तिसऱ्या पानाला वरून सूचनेची पट्टी उतरते. ती बोटाने बाजूला सारायला एक सेकंद लागतो, पण मन तिथून परत यायला बराच वेळ घेतं. ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावता येतं हे खरं. मात्र ते रोज आठवणीने लावणारा माणूस मुळातच शिस्तीचा असतो, तो रद्दीच्या कागदावरही वाचेल.

आता मोबाईलची बाजू. ती नुसती ‘स्वस्त आणि मस्त’ एवढ्यावर संपत नाही.

मोबाईलवर पुस्तकं वाचणं हे नव्याने सुचलेलं खूळ नव्हे. जपानमध्ये बटणांच्या मोबाईलवर लिहिलेल्या आणि वाचलेल्या कादंबऱ्यांची लाटच आली होती. २००७ साली तिथल्या सर्वाधिक खपाच्या दहा कादंबऱ्यांपैकी पाच मुळात मोबाईलवर लिहिल्या गेलेल्या होत्या. आफ्रिकेतलं उदाहरण याहून बोलकं आहे. वर्ल्डरीडर या संस्थेने २०१०च्या सुमारास घानातल्या शाळांत मुलांना किंडल वाटून कामाला सुरुवात केली. यंत्रं नाजूक, फुटायची, आणि फुटली की दुरुस्ती नाही. पुढे संस्थेने आपला मोठा भर मोबाईलवर टाकला, कारण तो लोकांच्या घरात पोचलेलाच होता. २०१४ साली युनेस्कोने याच संस्थेबरोबर सात देशांत मोबाईलवर वाचणाऱ्यांची पाहणी केली, त्यात भारतही होता. मोबाईल आल्यापासून आपलं वाचन वाढलं, असं सांगणारे त्यात बहुसंख्य निघाले. जिथे ग्रंथालयच नाही तिथे ‘कागद की पडदा’ हा वाद घालणं पोटभरल्याचं काम आहे.

आपल्याकडेही चित्र फार वेगळं नाही. बंगळुरूत २०१४ साली सुरू झालेल्या प्रतिलिपीवर मराठीत रोज कथांचे भाग येतात, आणि ते लिहिलेही मोबाईलवर जातात, वाचलेही मोबाईलवरच. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मुलांची मराठी पुस्तकं फुकट आहेत, चित्रं रंगीत आहेत, ती काळ्या-पांढऱ्या ई-इंकवर कशाला बघायची? मुंबईच्या लोकलमध्ये सकाळी दादरच्या दिशेने उभ्याने जाणाऱ्याला एक हात वरच्या कडीला लावावाच लागतो. उरलेल्या एका हातात मोबाईल मावतो, आणि वाचनाच्या बऱ्याच अ‍ॅपमध्ये आवाजाच्या बटणाने पान उलटतं, अंगठा पडद्यावर न्यावा लागत नाही. ई-रीडर एका हातात धरता येतो, पण रुंद पडतो. गर्दीत कोणाचं कोपर लागलं की तो निसटतो, आणि पडदा फुटला की नव्या पडद्याला जवळजवळ नव्या यंत्राएवढे पैसे.

ज्यांना दिसत नाही किंवा फार कमी दिसतं, त्यांच्यासाठी तर मोबाईलला तोड नाही. मजकूर युनिकोडमध्ये असेल तर मोबाईल तो मराठीत मोठ्याने वाचून दाखवतो. आवाज अजून बँकेतल्या टोकनच्या घोषणेसारखा येतो, तरी पुस्तक पुरं होतं. केंद्र सरकारच्या पाठबळाने २०१६ साली सुरू झालेलं ‘सुगम्य पुस्तकालय’ दृष्टिहीन वाचकांना अशीच पुस्तकं पुरवतं.

इथवरचा हिशोब जगात कुठल्याही वाचकाला लागू पडेल. मराठी वाचकाचं घोडं मात्र वेगळ्याच ठिकाणी अडतं. आपल्यासाठी यंत्राच्या आधी फाइल येते, आणि ही गोष्ट यंत्र विकणारा कोणीच सांगत नाही.

ई-पुस्तकाच्या फायली ढोबळमानाने दोन प्रकारच्या. एकीत मजकूर पाण्यासारखा वाहता असतो: अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप नव्याने मोडतात, पडदा लहान असो की मोठा. ईपब ही त्यातली मुख्य जात, किंडलच्या स्वतःच्या फायलीही याच गोत्राच्या. दुसरी पीडीएफ. तिच्यात छापील पान जसंच्या तसं गोठलेलं असतं, अक्षर मोठं करायचं तर अख्खं पान मोठं करावं लागतं आणि मग डावीकडून उजवीकडे सरकवत बसावं लागतं. इंग्रजी पुस्तकं बहुतेक पहिल्या प्रकारात मिळतात. मराठीत, विशेषतः जुन्या आणि फुकट मिळणाऱ्या पुस्तकांत, दुसऱ्या प्रकाराचीच चलती आहे.

याचं कारण आपल्या डीटीपीच्या इतिहासात आहे. युनिकोड रुळण्याआधी दोन-अडीच दशकं मराठी पुस्तकं पेजमेकर या सॉफ्टवेअरमध्ये श्रीलिपीसारख्या फाँटवर जुळवली गेली. या फाँटांत ‘क’च्या जागी आत भलतंच इंग्रजी चिन्ह साठवलेलं असतं. पडद्यावर आणि छापताना ते ‘क’ दिसतं एवढंच. अशी फाइल दुसऱ्या यंत्रात नेली की चिन्हांची भेळ होते. तिचं युनिकोड करायला कन्व्हर्टर आहेत, पण ते ऱ्हस्व-दीर्घ, रफार आणि जोडाक्षरं यांत गफलती करतात, म्हणजे पुस्तकाचं मुद्रितशोधन पुन्हा पहिल्यापासून. एका आवृत्तीच्या हजारभर प्रती खपवताना दमछाक होणाऱ्या प्रकाशकाने तो खर्च कशासाठी करावा? म्हणून तो पीडीएफ करतो आणि मोकळा होतो. त्याला दोष देणं सोपं आहे, पण त्याचा हिशोब चुकीचा नाही.

पीडीएफ कोणत्या यंत्रावर कशी दिसते हे कागद-पेन्सिल घेऊनच बघू. मराठी कादंबरी साधारण डेमी आकारात छापतात, पानाची रुंदी सुमारे १४ सेंटिमीटर. सहा इंची ई-रीडरचा पडदा रुंदीला ९.१ सेंटिमीटर, पावणेसात इंची म्हणवणाऱ्या मोबाईलचा जेमतेम ७. गंमत अशी, की दोन्ही पडद्यांचं क्षेत्रफळ जवळजवळ सारखंच भरतं. पण मोबाईल उंचाडा आणि किडकिडीत, ई-रीडर ठेंगणा आणि रुंद. पानाची पूर्ण रुंदी पडद्यात बसवली की १४ पॉइंटचं अक्षर ई-रीडरवर ९ पॉइंटचं होतं आणि मोबाईलवर ७ पॉइंटचं, म्हणजे औषधाच्या डबीवरच्या मजकुराएवढं. कडेचा कोरा समास कापून टाकला (बऱ्याच अ‍ॅपमध्ये ती सोय असते) तर ई-रीडरवर अक्षर १२ पॉइंटच्या आसपास जातं आणि वाचता येतं, मोबाईलवर ९च्या पुढे ते जात नाही. रोमन लिपीत ९ पॉइंट चालून जातं. देवनागरीत मात्र शिरोरेषेच्या वर वेलांट्या आणि मात्रा, खाली उकार, मधोमध अक्षर. त्याच मापात आपलं अक्षर बारीक पडतं. चाळिशी लागलेल्या माणसाला ते अशक्यच.

त्यात फाइल स्कॅन केलेली असेल तर ई-रीडरचीही पंचाईत होते. जुने लेखक घ्या: हरि नारायण आपटे आणि राम गणेश गडकरी दोघेही १९१९ साली गेले, साने गुरुजी १९५०ला, डॉ. आंबेडकर १९५६ला. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी पुस्तक सगळ्यांचं होतं, म्हणजे या सगळ्यांचं त्यांच्या हयातीत छापलेलं लेखन आज कोणीही उतरवून घेऊ शकतो. इंटरनेट अर्काइव्हवर जुन्या मराठी पुस्तकांचे ढिगारे आहेत, पण बहुतेक ग्रंथालयातल्या प्रतींचे फोटो: पिवळी पानं, ग्रंथालयाचा जांभळा शिक्का, मागच्या पानावरची शाई पुढे झिरपलेली, कुठे एखाद्या वाचकाने पेन्सिलीने केलेल्या खुणा. अशी शंभर एमबीची फाइल किंडलवर उघडा. पान यायला दोन-तीन सेकंद, पिवळा कागद करडा होतो, करड्यावर करडं अक्षर. मोठं करायला दोन बोटं ताणली की पडदा काळा-पांढरा लुकलुकतो आणि भलताच कोपरा समोर येतो. दहा पानांत माणूस हात जोडतो. हीच फाइल दहा इंची साध्या टॅबलेटवर छापील आकारात, रंगासकट, झटक्यात दिसते. म्हणून ज्यांचं वाचन मुख्यतः जुनं मराठी, स्कॅन केलेलं, संदर्भाचं आहे, त्यांच्या ‘मोबाईल की किंडल’ या प्रश्नाचं उत्तर टॅबलेट हे आहे. बारा-पंधरा हजारांत तो मिळतो. डोळ्यांचं काय, असं विचाराल, तर उजेड कमी करा आणि मधूनमधून खिडकीबाहेर बघा.

दुसरी अडचण कुलपांची. अ‍ॅमेझॉनने भारतात किंडलचं दुकान २०१२च्या ऑगस्टमध्ये उघडलं, आणि मराठीसह पाच भारतीय भाषांतली पुस्तकं अधिकृतपणे आणली २०१६च्या डिसेंबरमध्ये. तोवर मराठी ई-पुस्तकांचा मोठा बाजार पुण्याच्या बुकगंगाने उभा केला होता. परदेशातल्या मराठी माणसाला अजूनही पहिल्यांदा तेच नाव आठवतं. मात्र बुकगंगावर घेतलेलं ई-पुस्तक त्यांच्याच अ‍ॅपमध्ये उघडतं. म्हणजे मोबाईल किंवा टॅबलेट हवा, किंडलवर ते जाणार नाही. ज्या लेखकाची पुस्तकं एका दुकानात आहेत त्याची दुसऱ्यात असतीलच असं नाही. मोबाईलवर ही सगळी दुकानं शेजारी-शेजारी नांदतात, किंडलवर एकच. यावर मधला मार्ग म्हणजे ई-इंकचा पडदा असलेली पण आत अँड्रॉइड चालवणारी यंत्रं, चिनी ओनिक्स कंपनीची बुक्स ही त्यातली परिचित. तिचं पाल्मा नावाचं यंत्र तर मोबाईलच्याच आकाराचं आहे. त्यावर कुठलंही अ‍ॅप चालतं, पण ती महाग आहेत, बॅटरी किंडलएवढी टिकत नाही, आणि अ‍ॅप टाकायची मुभा मिळाली की हळूहळू व्हॉट्सअ‍ॅपही येतंच. ई-साहित्य प्रतिष्ठानासारखे उपक्रम पुस्तकं फुकट आणि बिनकुलपाची देतात. त्यातली पीडीएफ किती आणि वाहती किती, हे पुस्तकागणिक बघावं लागतं.

विकत घेतलेलं ई-पुस्तक आपलं असतं का, हा प्रश्न दोन्ही यंत्रांना सारखाच लागू आहे. २००९च्या जुलैमध्ये अ‍ॅमेझॉनने काही गिऱ्हाइकांच्या किंडलमधून परस्पर पुस्तकं पुसून टाकली. विकणाऱ्याकडे त्यांचे हक्क नव्हते. पुसलेली पुस्तकं कोणती, तर ऑर्वेलची ‘१९८४’ आणि ‘अ‍ॅनिमल फार्म’. पैसे परत दिले, जेफ बेझोस यांनी जाहीर माफीही मागितली. २६ फेब्रुवारी २०२५पासून तर विकत घेतलेलं पुस्तक संगणकावर उतरवून यूएसबीने किंडलमध्ये टाकायची सोयही बंद झाली. आपल्या फायली आपल्याकडे ठेवायच्या असतील तर बिनकुलपाची ईपब जमवायची आणि ती कॅलिबरमध्ये लावून ठेवायची. कॅलिबर हे फुकट सॉफ्टवेअर कोविद गोयल या भारतीय माणसाने लिहिलं, तेही स्वतःच्या सोनी रीडरपायी. जगभरचे पुस्तकवेडे त्याच्यावर अवलंबून आहेत आणि आपल्याकडे ते फारसं कोणाला ठाऊक नाही.

पैशांचं थोडक्यात. ई-रीडर घेतला की पुस्तकं स्वस्तात मिळून पैसे वसूल होतील, हा हिशोब इंग्रजी वाचणाऱ्याचा काही वर्षांत जुळू शकतो. मराठीत किमतीतला फरक बऱ्याचदा इतका नसतो. भरीला, छापील पुस्तकावर जीएसटी नाही, ई-पुस्तकावर आहे. छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकांवरचा २०१८ साली १८ टक्क्यांवरून ५वर आणला, इतकंच. तेव्हा ई-रीडर घ्यायचा तर बचतीचं कारण सांगू नये. आवडतो म्हणून घ्यावा.

मग कोणी काय करावं? रोज तासभर तरी वाचणारा, बरंचसं इंग्रजी आणि सोबत नवी मराठी कादंबरी वाचणारा, आणि मोबाईल हातात घेतला की दुसरीकडेच भरकटणारा माणूस असेल, तर त्याने ई-रीडर घ्यावा. तो पस्तावणार नाही. साठीच्या पुढच्या, मोठं अक्षर हवं असलेल्या वाचकालाही ई-रीडर मानवतो, मात्र सात इंची घ्यावा. मोबाईलच्या सात सेंटिमीटर रुंदीत मोठ्या अक्षराच्या ओळीत तीन-चार मराठी शब्द मावतात, आणि दोन्ही कडा सरळ ठेवायच्या नादात शब्दांमध्ये खिंडारं पडतात. (मोबाईलवर वाचणाऱ्यांनी उजवी कड सरळ ठेवायची सेटिंग आधी बंद करावी. एवढ्यानेच निम्मा त्रास जातो.) मुंबई-पुण्यात प्रवासात तुकड्या-तुकड्याने वाचणाऱ्याने मोबाईलच ठेवावा, काळी पार्श्वभूमी न ठेवता फिकट पिवळी ठेवावी आणि वाचनाच्या अ‍ॅपला पहिल्या पानावर, बोटाजवळ जागा द्यावी. आणि ज्याचं वाचन सुटलंय, ते किंडल घेतल्याने परत येईल अशी ज्याला आशा आहे, त्याने आधी मोबाईलवर एक पुस्तक पुरं करून दाखवावं. वापरात नसलेली किंडलं कपाटात व्यायामाच्या सायकलींइतकीच पडून असतात.

यंत्राचा निर्णय झाला तरी घेण्याआधी एक तपासणी अवश्य करावी, ती फुकट होते. किंडलचं अ‍ॅप मोबाईलवर उतरवा आणि आपल्याला खरोखर वाचायची आहेत अशा चार-पाच मराठी पुस्तकांची नमुना पानं मागवा. आधी अक्षर लहान-मोठं करून बघा. झालं तर फाइल वाहती आहे. सगळं पानच मोठं झालं, तर आत छापील पानांची चित्रं आहेत आणि सहा इंची ई-रीडरवर ती त्रास देणार. मग कोणा ओळखीच्याकडचं यंत्र घेऊन त्यावर तीच नमुना पानं उघडा आणि ‘वाऱ्यावर’, ‘ऱ्हस्व’, ‘वाङ्मय’, ‘महत्त्व’, ‘उद्ध्वस्त’ असे शब्द शोधा. मोबाईलवर ते आता बिनचूक दिसतात, कारण अँड्रॉइडने देवनागरीची जुळणी गेल्या दशकात सुधारली. ई-रीडरवर यंत्र, त्याचं सॉफ्टवेअर आणि फाइल करणाऱ्याची काळजी या तिन्हींवर ते ठरतं. कुठे ‘ऱ्य’चा रफार होतो, कुठे पाय मोडून अक्षर सुटं उभं राहतं, कुठे ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात. ल-श चालवून घेता येतात. पाय मोडलेली अक्षरं तीनशे पानं सहन होत नाहीत, आणि तसं दिसलं तर ते पुस्तक छापील घ्यावं.